बांबूचा कोंब आणि डोंगर

कोटा भारूला मी पोचले ती शुक्रवारी, आणि तिथंच फसले. केलांतान राज्यात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते, हे भाच्याने मला दोनदा बजावलं होतं. तो क्वालालंपूरला नोकरीला; तिकडे रविवार तो रविवारच. पण मलेशियाच्या मुख्य भूमीच्या ईशान्य टोकाचं, थायलंडला चिकटलेलं हे राज्य आपला आठवडा आपल्या पद्धतीने मोजतं. राजवाड्याच्या संग्रहालयाला कुलूप, दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर नमाजाला निघालेली माणसं. पाट्यांवर रोमन अक्षरांच्या जोडीला जावी, म्हणजे अरबी वळणाने लिहिलेली मलय. वाचता एकही अक्षर येत नव्हतं, तरी त्या पाट्या बघत मी बराच वेळ चालले.

शेवटी भुकेने एका टपरीवर बसले, आणि समोर निळा भात आला. खरोखरच निळा, शाईसारखा. गोकर्णाची फुलं पाण्यात चुरगाळून त्या पाण्यात तो शिजवतात. मलयमध्ये त्या फुलाला ‘बुंगा तेलांग’ म्हणतात आणि या भाताला ‘नासी केराबू’. भोवती बारीक चिरलेला कच्चा पाला, भाजलेलं खोबरं, तळलेली मासळी, अर्धं कापलेलं खारवलेलं अंडं. निळ्याशेजारी त्या बलकाचं नारिंगी. शाळेत तीस वर्षं मुलांना विरोधी रंगांची जोडी शिकवून दमलेल्या बाईला हे ताट बघून जरा लाजल्यासारखं झालं. टपरीवालीने विचारलं, ‘‘सेदाप, माकचिक?’’ छान आहे ना, मावशी? तेवढी मलय मला येत होती.

मी इतक्या लांब आले ती एका पुस्तकाच्या नावामुळे. क्वालालंपूरमध्ये बालाई सेनी नेगारा हे राष्ट्रीय कलादालन आहे. स्थापना १९५८ची, म्हणजे स्वातंत्र्यानंतर जेमतेम वर्षभराची. तिथं सय्यद अहमद जमाल या चित्रकाराची माहिती वाचताना ‘रुपा दान जिवा’ ही अक्षरं दिसली आणि मी थबकले. मधला ‘दान’ म्हणजे ‘आणि’. बाकीच्याचं भाषांतर मराठी माणसाला कशाला हवं? रूप आणि जीव. १९७९मध्ये मलाया विद्यापीठात त्यांनी या नावाचं प्रदर्शन मांडलं. घर, होडी, हत्यार, कापड, भांडं, पतंग, बाहुली अशा मलय माणसाच्या हातच्या वस्तूंचं रूप कुठून येतं आणि त्यात जीव कसा उतरतो, हा त्याचा विषय. पुढे त्याचं पुस्तकही झालं.

त्याआधीची गोष्ट सांगायला हवी. १३ मे १९६९ला क्वालालंपूरमध्ये वांशिक दंगल झाली. देश हादरला. १९७१च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय संस्कृती परिषद भरली आणि राष्ट्राच्या संस्कृतीचा पाया या भूमीतल्या मूळ लोकांच्या संस्कृतीवर असावा, असं ठरलं. तोवर इथले अनेक चित्रकार लंडन-बर्लिनला शिकून आलेले, अमूर्त चित्रं काढणारे. त्यांच्यापुढे एकदम प्रश्न आला की तुमच्या चित्रात इथलं काय आहे? सरकारने किंवा सभेने मुळं शोधायला सांगितली की चित्रकार आधी नक्षी शोधतो, असा माझा आपल्याकडचाही अनुभव. वारलीची माणसं आता चहाच्या कपावरही नाचतात. मलेशियातही तसलं बरंच झालं असणार, या तयारीनेच मी पूर्वकिनाऱ्याला आले होते. केलांतान आणि त्याखालचं तेरेंगानू, ही दोन राज्यं मलय कारागिरीचं माहेर मानली जातात.

शनिवारी समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याने निघाले. या रस्त्याच्या टोकाला जो किनारा आहे त्याचं जुनं नाव ‘पांताई चिंता बेराही’, उत्कट प्रेमाचा किनारा. ते धर्मनिष्ठ राज्याला शोभेना, म्हणून त्याचं ‘पांताई चहाया बुलान’ केलं, म्हणजे चांदण्याचा किनारा. आद्याक्षरं तीच ठेवली, त्यामुळे लोकांच्या तोंडचं ‘पीसीबी’ तसंच राहिलं. मलयमध्ये ‘चिंता’ म्हणजे प्रेम, हे ऐकून मी मनापासून हसले.

या रस्त्यावर कारागिरांच्या वाड्या आहेत. पहिल्या अंगणात एक म्हातारे गृहस्थ पतंग करत होते. पतंग म्हणजे आपला संक्रांतीचा कागदी चौकोन डोळ्यांपुढे आणू नका. ‘वाव बुलान’, चंद्रपतंग, माणसापेक्षा उंच असतो. मागचा भाग चंद्रकोरीसारखा वळलेला. मलेशियाच्या राष्ट्रीय विमान कंपनीच्या शेपटीवरचं चिन्हही वाव पतंगावरूनच घेतलेलं. तासलेल्या बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर रंगीत घोटीव कागदाचे थर. डोक्यावर एक धनुष्य बांधतात, ते वाऱ्यात घुमतं.

मला हवं होतं ते कागद कापण्यात मिळालं. पाक्चिकनी (अनोळखी वडीलधाऱ्याला इथे ‘पाक्चिक’ म्हणतात, काका) कागदाची घडी केली आणि अगदी टोकदार सुरीने वेल कापायला घेतली. पेन्सिलची रेघ नाही. वेल पतंगाच्या मधोमध एका फुलापासून निघते आणि दोन्ही पंखांच्या टोकांकडे पसरत जाते, आरशातल्यासारखी. मी विचारलं, टोकाकडून सुरुवात केली तर? त्यांनी मान हलवली. भाच्याची मैत्रीण दुभाषी म्हणून बरोबर होती. तिने सांगितलं, ‘‘ते म्हणतात, झाड टोकाकडून उगवतं का?’’

हाच नियम पुढे लाकडात भेटला. मलय कोरीवकामात वेलीचा उगम असतो, ‘पुंचा’ म्हणतात त्याला. पुष्कळदा तो पानाआड, कुंडीत किंवा फुलाखाली दडवलेला असतो. तिथून देठ निघतो, वळतो, दुसऱ्या पानाखालून जातो. आणि रीत अशी की कोंब वाढला तरी समोरच्याला टोचता कामा नये, वेल गुंडाळली तरी शेजाऱ्याचा गळा आवळता कामा नये, टोक धारदार असलं तरी रोखलेलं नको. म्हणून टोकं हलकेच मागे वळवतात. कोरीवकाम शिकवतानाच माणसाने गावात कसं राहावं तेही शिकवून टाकायचं, ही युक्ती मला फार आवडली. केलांतानचे निक रशिद्दीन निक हुसैन हे या विद्येचे मोठे जाणकार. २००२मध्ये ते गेले. क्वालालंपूरच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारात ‘इस्ताना सातू’ नावाचा १८८४चा लाकडी राजवाडा तेरेंगानूहून आणून उभा केला आहे. जाताना मी तो पाच मिनिटांत बघून सोडला होता. परतताना दोन तास बसले.

वाटेतल्या बाटिकच्या कारखान्यात फार नवं वाटलं नाही. मेणाची तोटी, चौकटीवर ताणलेलं कापड, रंग भरायला कुंचला. जावाच्या बाटिकमध्ये कापड रंगात बुडवून काढतात; इथे मेणाच्या रेघांच्या आत कुंचल्याने रंग सोडतात, तो पाण्याने पसरतो. म्हणजे हे काम निम्मं जलरंगाचंच. रंग पक्का करायला वरून सोडियम सिलिकेट फासतात, मग धुऊन, उकळत्या पाण्यात मेण काढतात. हे तंत्र चित्रात आणणारा माणूस मलय नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. चुआ थिएन तेंग चीनमध्ये जन्मले, पेनांगला स्थायिक झाले. बाटिकचा कारखाना काढला, तो बुडाला, आणि उरलेल्या मेण-रंगांतून १९५०च्या दशकात त्यांनी बाटिक-चित्रं सुरू केली. आया, मुलं, फळं विकणाऱ्या बायका. त्यांचं एक चित्र १९६८मध्ये युनिसेफने शुभेच्छापत्रासाठी निवडलं. मेणाला तडा गेला की रंग आत झिरपतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात. साडीवर तो दोष ठरतो. तेंगनी तो चित्राच्या कामी लावला.

आता वायांग कुलित, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. माझं आजोळ कुडाळचं. पिंगुळीच्या ठाकरांची चामड्याची बाहुली लहानपणी दिव्यासमोर पाहिलेली; राम, सीता, दशमुखी रावण. ज्या परशुराम गंगावणे यांनी ती कला जपली त्यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते. त्यामुळे कोटा भारूच्या ‘गेलांगांग सेनी’ या कलाकेंद्रात पांढरा पडदा ताणला गेला आणि सनईच्या जातीच्या ‘सेरुनाई’ने सूर धरला, तेव्हा परदेशात आहोत हे विसरायला झालं. पडद्यावर हिरवा राम आला. ‘सेरी रामा’. डोक्यावर थायी घाटाचा उंच मुकुट, पायाखाली नागाच्या आकाराची बैठक. मागून पांढरा हनुमान, ‘हनुमान केरा पुतेह’. सीता ‘सिती देवी’, लक्ष्मण ‘लक्समाना’. मूळ कथेचं नाव मात्र रावणावरून, ‘हिकायत महाराजा वाना’. आणि वाल्मीकींना माहीत नसलेला एक इसम, पाक डोगोल: पोट सुटलेला, कुरूप, वटवट्या विदूषक, पण मुळात देवच. सगळ्यात जास्त हशा त्यालाच.

खेळ संपल्यावर पडद्यामागे गेले. तोक दालांग, म्हणजे सूत्रधार, घामाने भिजलेले. गाईचं कातडं घासून इतकं पातळ केलेलं की त्यातून उजेड पार होतो. म्हणून ते दोन्ही बाजूंनी नीट रंगवतात आणि सावलीही रंगीत पडते. बहुतेक बाहुल्यांचा एकच हात हलतो. मी त्यांना फोनवरचा पिंगुळीचा राम दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, मग विचारलं, ‘‘हा कुठल्या बाजूला तोंड करतो?’’ मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं बघूनही मी ते पाहिलंच नव्हतं.

या खेळाला इथे सुखाचे दिवस नव्हते. १९९०च्या दशकात केलांतानमध्ये वायांग आणि ‘माक योंग’ या नृत्यनाट्याच्या जाहीर प्रयोगांवर राज्य सरकारने बंधनं आणली. इस्लामपूर्व श्रद्धांचे अवशेष म्हणून. २००५मध्ये युनेस्कोने माक योंगला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला, तरी त्याच्या माहेरी त्याला दार बंदच होतं. २०१९मध्ये माक योंगवरची बंदी अटींसह उठली. सावल्या मात्र दुसरीकडेही जगत होत्या. केलांतानचेच चित्रकार निक झैनल अबिदीन यांनी वायांगची पात्रं फार आधी कॅनव्हासवर आणली होती: बाजूने दिसणारे चेहरे, सपाट रंग, दागिन्यांनी गच्च भरलेल्या आकृत्या. चित्रं देखणी आहेत. पण आदल्या रात्री पडदा पाहिलेला असल्यामुळे मला त्यांत दिवा कमी वाटला. आकृती आली, तिच्यामागचा थरथरता उजेड मागेच राहिला. उलट २०१३मध्ये टिंटॉय चुओ या रेखाटनकाराने पाक दाइन या दालांगबरोबर ‘स्टार वॉर्स’ची पात्रं कातड्यात कापली, ‘पेपेरांगान बिंतांग’ म्हणून. ऐकताना थट्टा वाटते. पण त्यांनी पात्रं बदलली आणि पडदा, दिवा, हात हलवायची रीत तीच ठेवली. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, याची निवड मला त्यांचीच जास्त शहाणी वाटली.

बसने तेरेंगानूला आले. क्वाला तेरेंगानूचं राज्य संग्रहालय खांबांवर उभ्या मलय घराच्या धर्तीवर बांधलंय, आकाराने अवाढव्य. जावी लिपीतला १३०३चा शिलालेख तिथं आहे. मी मात्र होड्यांपाशी रमले. इथले कोळी डोलकाठी आडवी ठेवण्यासाठी होडीच्या कडेला एक लाकडी टेकू बसवतात, त्याला ‘बांगाऊ’ म्हणतात, म्हणजे बगळा. टेकूच तो, त्याला पक्ष्याची मान द्यायची, नागाची फणी द्यायची, वायांगमधलं पात्र कोरायचं, वर लाल-पिवळा-हिरवा चढवायचा, याची काही गरज होती का? समुद्रात मासे थोडेच बघायला येणार?

सोंगकेत हे जरीचं कापड तेरेंगानूत खूप विणलं जातं. २०२१मध्ये तेही युनेस्कोच्या यादीत गेलं. पैठणीच्या पदराला जरीची जमीन असते आणि तिच्यात रेशमाची नक्षी विणलेली. सोंगकेतचं उलट: जमीन रेशमाची, नक्षी जरीची, आणि ती जादा बाण्याने वरून घातलेली. ताण्याचे धागे मोजून उचलायचे आणि त्यांतून जर पुढे सारायची. नावच ‘उचकटून वर काढणे’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलंय. कुठले धागे उचलायचे ते लक्षात राहावं म्हणून मागावर काड्या खोवलेल्या होत्या. जवळ जाऊन पाहिलं तर झावळीचे हीर! आमच्याकडे ज्यांची केरसुणी होते ते. मागावरच्या बाईंना मी खुणेने झाडून दाखवलं, तशा त्या हसत सुटल्या.

नक्षीची नावं त्यांनी बोट ठेवून सांगितली. ‘ताम्पुक मांगिस’, मँगोस्टीनच्या फळाच्या देठापाशी असलेली पाकळ्यांची चकती. ‘सिकू केलुआंग’, वटवाघळाचं कोपर. नागमोडी रेघेला दिलेलं हे नाव मला जगातल्या कुठल्याही कलाशाळेने शिकवलं नसतं. ‘बुंगा तांजुंग’ म्हणजे बकुळ, आपलीच. आणि कापडाच्या काठाला ओळीने उभे उंच टोकदार त्रिकोण: ‘पुचुक रेबुंग’, बांबूचा कोंब.

तो त्रिकोण पाहिला आणि बालाईतली चित्रं मनात पुन्हा उघडली. सय्यद अहमद जमाल यांचं १९७८चं ‘गुनुंग लेदांग’. जोहोरमधल्या या डोंगरावर राजकन्या राहते, अशी कथा आहे. मलाक्क्याच्या सुलतानाने तिला मागणी घातली, तेव्हा तिने अटी पाठवल्या: डोंगरापासून मलाक्क्यापर्यंत एक सोन्याचा आणि एक चांदीचा पूल, डासांच्या काळजांची सात तबकं, अश्रूंचा हंडा, आणि शेवटी राजपुत्राचं वाटीभर रक्त. नकार द्यावा तर असा. जमालनी राजकन्या रंगवली नाही. त्रिकोण रंगवला. तो डोंगर आहे आणि सोंगकेतच्या काठावरचा कोंबही. तोच आकार लतीफ मोहिदीन यांच्यात दुसऱ्या वाटेने येतो. नेगेरी सेंबिलानचा हा कवी-चित्रकार १९६०मध्ये बर्लिनला शिकायला गेला आणि तिथल्या वस्तुसंग्रहालयात त्याला आग्नेय आशियाच्या वस्तू भेटल्या. परत येऊन तो थायलंड, कंबोडियात भटकला. १९६४ ते ६९ची त्याची ‘पागो-पागो’ मालिका. नावात पॅगोडा आहे, कॅनव्हासवर कळस आणि कोंब एकमेकांत शिरलेले, काळ्या जाड रेघांत, जणू पावसात वाढताहेत. त्यात सोंगकेतची एकही नक्षी नाही. पण त्यातले आकार बुडापासून वर वाढतात, पतंगवाल्या काकांच्या वेलीसारखी. २०१८मध्ये ही मालिका पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात लागली होती.

मस्तुरा अब्दुल रहमान यांचं ‘इंटेरियर नं. २९’ (१९८७) हे चित्रही आता मला वेगळं दिसतं. वरून पाहिलेलं मलय घर, भिंती बाजूला निजवलेल्या, चटया, कापडं, सगळं नक्षीने भरलेलं. माणूस कुठेच नाही, तरी नुकतं कोणी उठून गेल्यासारखं. पहिल्यांदा मी त्याला सजावट समजून पुढे गेले होते, माझी घाई. रुझैका ओमर बसारी यांनी ‘सिरी दुंगुन’मध्ये दुंगुन गावातल्या घरांच्या खिडक्या घेतल्या, लाकूड कोरून, रंगवून. त्या खिडक्या बंद आहेत की उघड्या, ठरवता येत नाही.

शेवटच्या दिवशी, क्वालालंपूरला परतल्यावर, जमाल यांचं ‘पुंचाक पूर्णामा’ शोधायला शहरात गेले. पौर्णिमेचं शिखर, १९८६मध्ये क्वालालंपूरच्या मध्यात उभं केलेलं त्यांचं शिल्प. टॅक्सीवाल्याने नाव ऐकून खांदे उडवले. नंतर कळलं, ते २०१६मध्ये पाडलं. आतले दिवे बंद पडले होते, काचा निखळल्या होत्या, डागडुजी झाली नव्हती. त्याचा फोटो पुस्तकात मिळतो.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते जानेवारी टाळा, पूर्वकिनाऱ्यावर तेव्हा मुसळधार पाऊस असतो. रमजानमध्ये खेळ बंद असतात. आणि कोटा भारूला शुक्रवारी पोचू नका. पोचलातच, तर निळा भात खा.